आगबोटीचा प्रवास आणि आगबोटीवरील मुक्काम

मराठींत ‘बोट लागणें’ असा एक वाक्प्रचार आहे. समुद्रावर पोटांत ढवळून आलें, डोकें गरगरूं लागलें, कीं कोंकणचा माणूस बोट लागली असें म्हणतो. याच शब्दांचा दुसरा, सरळ अर्थ असा कीं, बोट बंदराला लागली. जलप्रवासांतील सर्वांत मोठें दुःख आणि सर्वांत मोठें सुख हीं दोन्ही एकाच शब्दांनीं सांगितलीं जावींत, हा योगायोग मौजेचा खरा. गोवंडीच्या एका वृद्ध दांपत्यानें २०२३ सालच्या हिवाळ्यांत मुंबईहून गोव्यापर्यंत सहलीच्या जहाजानें, म्हणजे ज्याला आतां सर्वत्र क्रूझ म्हणतात त्यानें, जाणें-येणें केलें. त्या जलविहारांत पहिल्या अर्थानें बोट लागली नाहीं, आणि दुसऱ्या अर्थानें जेथें लागावयास हवी होती तेथें लागली नाहीं.

गोवंडी हें कांहीं समुद्राचें गांव नव्हे. तेथून जवळ आहे ती ठाण्याची खाडी, तिच्या काठची खारफुटी आणि देवनारच्या कचऱ्याचा डोंगर. वारा फिरला म्हणजे त्या डोंगराची आठवण खिडक्या लावून घेण्यानें होते. अशा ठिकाणीं स्टेशनापासून थोड्या अंतरावर, एका सहकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हें दांपत्य राहतें. गृहस्थ ट्रॉम्ब्याच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले, वय बहात्तर, जन्म हर्णैचा. पत्नी सातारा जिल्ह्यांतल्या, म्हणजे कोंकणच्या भाषेंत घाटावरच्या. लग्न १९७८ सालचें. तोंपर्यंत हर्णैला एस्. टी. जाऊं लागून वर्षें लोटलीं होतीं, आणि बाईंनीं सासर पाहिलें तें खेड-दापोलीच्या रस्त्यानें, धुळीनें माखून. बोटीची हकीकत त्यांनीं ऐकली तेवढीच.

आणि ती त्यांनीं पुष्कळ ऐकली होती. कुर्ल्यानंतर टिळकनगर, मग चेंबूर, मग गोवंडी, हा क्रम जसा हार्बर मार्गावरच्या माणसाला झोपेंतहि येतो, तसा बाईंना न पाहिलेल्या किनाऱ्याचा क्रम पाठ झाला होता. भाऊचा धक्का सुटला कीं आधीं खांदेरी आणि उंदेरी, मग अलिबागचा कुलाबा, कोर्लई, मग पाण्यांत उभा असलेला जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोटची खाडी, आणि नंतर डावीकडे सुवर्णदुर्गाचा काळा तट. सुवर्णदुर्ग दिसला कीं वळकट्या बांधावयाच्या. “एकदां तुला बोटीनें नेईन,” असें यजमान लग्नाच्या पहिल्या वर्षीं म्हणाले होते. कोंकणच्या बोटी तेव्हां रडतखडत चालू होत्या. पण रजा मिळावयाची ती पावसाळ्यांत, आणि पावसाळ्यांत बोटी बंद. पुढें बोटीच थांबल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली आणि त्या वचनाची आठवण काढण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

ज्या बोटींची ही आठवण, त्यांच्याविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. कारण आजच्या तरुण श्रोत्यांनीं त्या पाहिलेल्या नाहींत. कोंकणच्या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी चालत. स्वदेशीच्या दिवसांत लोकांनीं भागभांडवल घालून उभारलेली आणि लोकांतच ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी कंपनी तिच्याशीं स्पर्धा करी, आणि तिच्या बोटींना संतांचीं नांवें असत. पुढच्या पिढीनें ‘रोहिणी’ आणि ‘चंद्रावती’ पाहिल्या, त्यानंतरच्या पिढीनें ‘कोकणसेवक’. सुखसोय म्हणून त्यांत कांहीं नव्हतें. डेकवर सतरंजी पसरील त्याची जागा. शेजारीं कोंबड्यांची डालगीं, ट्रंका, परतीच्या वाटेवर आंब्याच्या पेट्या. खालून तेलाचा व वाफेचा वास, आणि कोणाला ना कोणाला तरी बोट लागलेलीच. पुष्कळशा बंदरांत धक्का नसे. बोट दूर पाण्यांत उभी राही, किनाऱ्याकडून पडाव येत, आणि लाट वर आली कीं खलाशी माणसाच्या बखोटीला धरून त्याला पडावांत घेई. म्हाताऱ्या बाया आणि तान्हीं मुलें हातोहात खालीं जात. पडाव वाळूशीं आला कीं उरलेलें अंतर गुडघाभर पाण्यांतून चालावयाचें. अशा रीतीनें भिजलेल्या धोतरानें आणि लुगड्यानें माणूस घरीं पोंचे, आणि त्यांत आपला कोणी अपमान केला असें त्याला वाटत नसे.

सकाळीं मुंबईहून सुटलेली बोट दुपार कलतां कलतां हर्णैच्या समोर येई. हें वेळापत्रकच त्या गृहस्थांच्या आठवणीचा गाभा होतें. सबंध किनारा त्यांनीं दिवसाउजेडीं पाहिला होता.

गतवर्षापर्यंत मिळालेल्या भेटींत शाली आणि घड्याळेंच फार झालीं होतीं, म्हणून लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं मुलानें व सुनेनें क्रूझचीं दोन तिकिटें काढलीं. मुलगा वडिलांच्या तोंडून बोट ऐकतच लहानाचा मोठा झालेला. मुंबई, गोवा, पुन्हां मुंबई. वाटेंत कोंकणचा किनारा असणारच. यांत त्याची चूक कोणती? नकाशांत पाहिलें तर जहाजाची वाट हर्णैसमोरूनच जाते. वडिलांनीं एवढेंच विचारलें, “खिडकीची जागा आहे ना?” खिडकीची खोली आणि आंतली खोली यांच्या भाड्यांत बरेंच अंतर असतें. मुलानें आंतली खोली घेतली होती. तो म्हणाला, “बाबा, खोलींत बसतंय कोण? वर डेक आहे कीं सगळा.”

निघण्याच्या दिवशीं बाईंनीं पिशवींत दोन लिंबें, आंवळासुपारी आणि बेसनाचे लाडू घेतले. बॅलार्ड पियरच्या दारावर लाडू ठेवून घेण्यांत आले. बाहेरचें खाद्य जहाजावर चालत नाहीं. आंवळासुपारी औषधांत मोडते असें बाईंनीं तपासनिसाला पटवलें.

जहाज खरोखरच देखणें होतें. अकरा मजले, उद्वाहक, पोहण्याचा तलाव, नाटकगृह, जुगाराचा दिवाणखाना आणि जेवणाच्या दालनांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांडलेलीं पक्वान्नें. शाकाहारी माणसाची तेथें उपासमार होत नाहीं, हें सांगणें न्यायाचें होय. निघण्यापूर्वीं सर्व प्रवाशांना एकत्र जमवून, संकट आल्यास कोठें जावें व जीवरक्षक जाकीट कसें बांधावें याचें प्रात्यक्षिक झालें. इटलीच्या किनाऱ्यावर १३ जानेवारी २०१२ रोजीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ नांवाचें सहलीचें जहाज खडकावर आदळून बत्तीस माणसें दगावलीं. त्यांतील कांहींना तर असें प्रात्यक्षिक मिळण्यापूर्वींच तें संकट आलें होतें. तेव्हांपासून हा नियम कडक झाला. बाकीची मंडळी त्या वेळीं एकमेकांचीं छायाचित्रें घेत होतीं. गोवंडीचे गृहस्थ मात्र जाकिटाचा एकेक बंद दोनदां तपासून पाहात होते. तरुणांना त्याची मौज वाटली. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ज्या घरांत बोटीचा प्रवास होता त्या घरांत त्या नांवाचा उच्चार पुढें कित्येक वर्षें आवाज खालीं आणून होत असे, आणि अशा घरांत वाढलेल्या माणसाला जाकिटाचा बंद ही थट्टेची वस्तु वाटत नाहीं.

जहाज सुटलें तें सायंकाळीं.

सूर्यास्त पाहण्यासाठीं सगळे प्रवासी उजव्या बाजूस लोटले. डावीकडे, किनाऱ्याच्या बाजूस, हीं दोघेंच. मुंबईच्या उंच इमारतींचे दिवे मागें गेले, अंधार पडला, आणि खांदेरी येण्यापूर्वींच किनारा पुसल्यासारखा झाला. वरच्या डेकवर संगीत सुरू झालें. तें संगीत कसलें होतें याची चर्चा येथें नको. एवढें खरें कीं, त्याच्या आवाजांत समुद्राचा आवाज ऐकूं येत नव्हता. बाईंनीं लिंबू हातांत धरून ठेवलें होतें. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, “अहो, बोट चालली आहे कीं उभी?”

या प्रश्नांत क्रूझ नांवाच्या व्यवसायाचें सर्व कौशल्य सामावलेलें आहे. बोट चालली आहे हें प्रवाशाला कळूं नये, यासाठींच तर एवढी यंत्रणा! या धंद्याची सुरुवातच पाहा. अटलांटिक महासागरावर हिवाळ्यांत उतारू मिळत नसत आणि मोठालीं जहाजें रिकामीं पडत. तेव्हां हॅम्बुर्गच्या आगबोट कंपनीचे अल्बर्ट बालिन यांनीं जानेवारी १८९१ मध्यें ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हें जहाज हौशी श्रीमंतांना घेऊन भूमध्य समुद्रांत फिरावयास पाठविलें. कोणालाच कोठें जावयाचें नव्हतें. जहाज रिकामें राहूं नये, एवढाच मूळ हेतु. आगबोट हें वाहन आहे. क्रूझ हें मुक्कामाचें ठिकाण आहे. एकाचें तिकीट काढतांना माणूस अंतर विकत घेतो, दुसऱ्याचें काढतांना वेळ. जहाज तरंगतें म्हणून दोन्हींना आपण बोट म्हणतों, आणि घोटाळा येथेंच होतो.

मुक्कामाच्या ठिकाणाला बंदर लागत नाहीं, याचें एक कठोर उदाहरण याच मार्गावर घडून गेलें आहे. जानेवारी २०२२ च्या आरंभीं सुमारें दोन हजार माणसांना घेऊन मुंबईहून निघालेलें एक सहलीचें जहाज मुरगांवला पोंचलें, तेव्हां तपासणींत सहासष्ट जणांना कोविड झाल्याचें आढळलें. नव्या वर्षाच्या हौसेनें निघालेल्या त्या लोकांना गोवा समोर दिसत असतां जहाजांतच थांबून राहावें लागलें, आणि शेवटीं जहाज मुंबईला परत आलें. त्यांची निराशा उघड होती. वृत्तपत्रांत ती छापून आली. तिचें कारण साथ होती, आणि साथीला कोणाचा इलाज नव्हता. गोवंडीच्या गृहस्थांच्या निराशेला असें सांगण्यासारखें कारणच नव्हतें. त्यांना कबूल केलेलें सर्व मिळालें होतें.

तें कसें, याचा थोडा हिशेब मांडतां येतो. समुद्रसपाटीपासून पंचवीस मीटर उंचीवर उभें राहिलें तर क्षितिज सुमारें दहा सागरी मैलांवर, म्हणजे एकोणीसएक किलोमीटरवर असतें. जुनी बोट बुटकी होती, पण ती किनारा धरून चाले. कारण तिला प्रत्येक बंदरांत डोकावयाचें असे. आजचें उंच जहाज खोल पाण्यांतून दूरवरून जातें, कारण मधल्या एकाहि बंदराशीं त्याचें काम नसतें. मुंबई ते मुरगांव हें अंतर सुमारें सव्वादोनशें सागरी मैल आहे. तें रात्रींत कापावें आणि सकाळीं प्रवाशाला गोव्यांत उतरवावें, अशी योजना असते. तेव्हां दिवस गोव्यासाठीं आणि रात्र कोंकणासाठीं! हर्णैला रात्र मिळाली हा कोणाचा कट नव्हे. पण ज्या किल्ल्यासाठीं कान्होजींच्या वंशजांनीं आयुष्यें वेंचलीं आणि जो तुळाजी आंग्र्यांकडून घेण्यासाठीं १७५५ सालीं इंग्रजांचा कमोडोर जेम्स तोफांनिशीं चालून आला, त्याच्या समोरून दोन हजार माणसें नाचत निघून जातात आणि त्यांतील एकालाहि तो तेथें आहे हें ठाऊक नसतें, हें ऐकून मन थोडें खट्टू होतेंच.

रात्रीं साडेदहाच्या सुमारास गृहस्थ एकटेच वर आले. खोलींत दिवा मालवल्यावर इतका काळोख होई कीं डोळे उघडे आहेत कीं मिटलेले हें समजेना. खिडकी नसलेल्या खोलींत समुद्रावर आल्याची खूण ती काय राहणार? डाव्या कठड्याशीं ते पुष्कळ वेळ उभे होते. मग दूर, पाण्याच्या रेषेवर, त्यांना दिव्यांची एक ओळ दिसली. दहा-बारा दिवे, थोडे वरखालीं, जसे टेकडीच्या उतारावरच्या घरांचे असावेत. ते धांवतच म्हणावें तसे खालीं गेले, पत्नीला उठविलें, शाल पांघरावयास लावली आणि वर घेऊन आले. “तें बघ, हर्णै.”

बाई पाहात राहिल्या. “किती दिवे आहेत हो,” असें म्हणाल्या. “पूर्वीं एवढे नव्हते,” असें यजमान म्हणाले, आणि बोट करून करून त्यांनीं सांगितलें कीं तो डावीकडचा दिवा बंदराचा, तो वरचा फत्तेगडाच्या बाजूचा, आणि त्यांच्या पुढें जो काळोख दिसतो तो सुवर्णदुर्ग. दोघेंहि अर्धा तास तेथें होतीं.

गोव्यांतील दिवसाबद्दल सांगण्यासारखें थोडेंच आहे. मुरगांवहून मोटारीनें पणजी, एक देऊळ, एक चर्च, काजूंचें एक दुकान, आणि ठरल्या तासाला पुन्हां जहाजावर. उशीर झाल्यास जहाज थांबत नाहीं, ही सूचना दिवसभर घड्याळाकडे पाहावयास लावी. परतीच्या वाटेवरहि किनारा रात्रींतच गेला. सकाळीं मुंबई आली. हिशेबाचा कागद हातीं पडला. त्यांत दोन शहाळीं आणि एक चहा, कारण तीं भाड्यांत धरलेलीं नव्हतीं. गृहस्थांनीं तो कागद मुलाला न दाखवितां घडी करून खिशांत ठेवला.

मुलगा धक्क्यावर आला होता. “बाबा, कसं वाटलं?” “उत्तम.” “हर्णै दिसलं?” यजमानांनीं उत्तर देण्यापूर्वींच बाई म्हणाल्या, “दिसलं तर! एवढे दिवे होते.”

विकत घेतलेली वस्तु पसंत पडली नाहीं तर ग्राहकाला तक्रार करतां येते. दुकान आहे, मालक आहे, ग्राहक न्यायालय आहे. भेट म्हणून आलेल्या वस्तूविषयीं निराशा झाली तर ती कोठें न्यावी? मुलानें कित्येक महिने पैसे बाजूला टाकून ही भेट दिली होती. तिच्यांत उणें काढणें म्हणजे त्याच्या प्रेमांत उणें काढणें असें वडिलांना वाटलें. आणि तसें वाटणें चुकीचें असलें तरी बहुतेक घरांतील वडील माणसांना तें तसेंच वाटतें. इमारतींतल्या शेजाऱ्यांना त्यांनीं जहाजाचे मजले सांगितले, उद्वाहक सांगितला, जेवणाचें दालन तर दोनदां सांगितलें. लोक म्हणाले, तुमची मजा आहे बुवा. गेलीं पंचेचाळीस वर्षें ज्या गृहस्थांना बोटीवरून कोणी उठवूं शकत नव्हतें, ते आठ दिवसांतच बोटीचा विषय निघाला कीं दुसरें कांहीं बोलूं लागले. सुनेच्या हें लक्षांत आलें. तिनें नवऱ्याला सांगितलें. त्यानें तें मनावर घेतलें नाहीं.

पुढें एके रात्रीं, पंखा बंद पडून झोंप लागेना तेव्हां, गृहस्थ अंधारांत म्हणाले, “ते दिवे हर्णैचे नव्हते.”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मच्छीमारांचे पडाव होते ते. सरकत होते. गाव कधी जागचं हलतं का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही किल्ला दाखवत होतात. मी किल्ला पाहात होते.”

त्यानंतर त्या घरांत बोटीचा विषय पुन्हां मोकळेपणानें निघूं लागला, मुलासमोरहि निघाला. आंतल्या खोलीचा काळोख, दारावर राहिलेले लाडू, दोन शहाळ्यांचे पैसे, सगळें हंसत हंसत बाहेर आलें. मुलगा आधीं ओशाळला, मग थोडा रागावलाहि, आणि शेवटीं त्यानें विचारलें कीं जुनी बोट हर्णैला किती वाजतां पोंचत असे. हा प्रश्न त्यानें आयुष्यांत प्रथमच विचारला होता.

ऑगस्ट २०२५ मध्यें एक बातमी वृत्तपत्रांत आली कीं, भाऊच्या धक्क्यावरून जयगड व विजयदुर्ग येथें जाणारी, मोटारगाड्याहि वाहून नेणारी रो-रो बोट सुरू करण्याचें सरकारनें जाहीर केलें आहे. गृहस्थांनीं ती बातमी मोठ्यानें वाचून दाखविली.

“हर्णैला थांबणार?” बाईंनीं तांदूळ निवडतां निवडतां विचारलें.

“नाही. पण समोरून जाईल.”

“दिवसा कीं रात्री?”

गृहस्थांनीं चष्मा पुसला, आणि ती बातमी पहिल्या ओळीपासून पुन्हां वाचावयास घेतली.